वाचकांचे प्रश्न : गोष्टीत कोणाला काय करायला मिळते?

माणसामाणसांतील वेगळेपण आणि समता यांची ओळख लहान मुलांना गोष्टींच्या पुस्तकांतून कशी करून द्यावी, या विषयावर गेल्या अंकात आम्ही वाचकांचे प्रश्न मागवले होते. पालक, आजी-आजोबा, बालवाडीच्या शिक्षिका आणि ग्रंथपाल यांची पत्रे आली. एकच शंका अनेकांनी विचारली असेल तेथे ती पत्रे एकत्र केली आहेत. उत्तरे साधारण तीन ते आठ वर्षांची मुले डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. मी तिला रोज रात्री गोष्ट वाचून दाखवते. वेगवेगळ्या वर्णांची, धर्मांची, अपंग मुले असलेली पुस्तके मुद्दाम आणावीत असे हल्ली मैत्रिणी सांगतात. मला मात्र वाटते, की जे तिच्या ध्यानीमनीही नाही ते आपणच तिच्या डोक्यात भरवून देऊ. तिला सगळी माणसे सारखीच दिसतात. हे निरागसपण जपलेले बरे नाही का?

उत्तर : तुमच्या भीतीत तथ्य आहे, पण ती ज्या गृहीतकावर उभी आहे ते टिकत नाही. मुलांना सगळी माणसे सारखी दिसतात, ही आपण मोठ्यांनी करून घेतलेली सोयीची समजूत आहे. नवजात बाळे वेगवेगळ्या वंशांच्या चेहऱ्यांत डावे-उजवे करत नाहीत, पण तीन महिन्यांची झाली की आपल्या वंशाच्या चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहू लागतात, असे इंग्लंडमधील संशोधकांना २००५ मध्ये आढळले. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, ज्या बाळांच्या अवतीभवती आपल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही वंशांची माणसे सतत वावरत होती, त्यांच्यात हा कल दिसला नाही. फरक टिपण्याची सुरुवात मूल बोलू लागण्याच्या कितीतरी आधी झालेली असते आणि त्यातले सवयीचे काय वाटावे हे भोवताल ठरवतो. तुमची मुलगी चपलांच्या जोड्या अचूक लावत असेल, एकाच रंगाचे ठोकळे वेगळे काढत असेल. माणसे पाहतानाच तिची नजर मंद कशी होईल?

फरक दिसणे निराळे आणि त्या फरकाला उच्च-नीचतेचा अर्थ चिकटणे निराळे. तुमची खरी भीती या दुसऱ्या गोष्टीची आहे, आणि ती रास्त आहे. रेबेका बिगलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात शाळकरी मुलांना निळे आणि पिवळे टी-शर्ट घालायला दिले होते. काही वर्गांत शिक्षकांनी मुलांना बसवताना, रांगेत उभे करताना, कामे सांगताना त्या रंगांवरून विभागणी केली. इतर वर्गांत मुलांच्या अंगात तेच शर्ट होते, पण शिक्षकांनी रंगाची दखलच घेतली नाही. काही आठवड्यांनी पहिल्या प्रकारच्या वर्गांतील मुलांना आपल्या रंगाचा गट सरस वाटू लागला होता. दुसऱ्या प्रकारच्या वर्गांत तसे झाले नाही. म्हणून ‘आज आपण वेगळ्या मुलांची गोष्ट वाचू या’ अशी प्रस्तावना करून पुस्तक उघडणे मलाही धोक्याचे वाटते, कारण ती विभागणीच झाली.

परंतु यावर मौन हा उपाय नाही. बिगलर यांच्याच गटाने २०१२ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांना आयांनी पुस्तके वाचून दाखवतानाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ती पुस्तके वर्णभेदाच्या विषयाला भिडणारी होती, तरी बहुतेक आयांनी वर्णाचा उल्लेख शिताफीने टाळला. या मुलांच्या मनातील पूर्वग्रहांचा आईच्या मतांशी संबंध लागला नाही. ज्या आयांच्या मित्रपरिवारात इतर वर्णांची माणसे अधिक होती, त्यांच्या मुलांत मात्र पूर्वग्रह कमी आढळले. आईने मनातल्या मनात बाळगलेले उदार मत मुलापर्यंत आपोआप पोहोचत नाही, एवढा अर्थ तरी यातून निश्चित निघतो.

तेव्हा करायचे काय? एका पानावर पांढरी काठी घेतलेला माणूस रस्ता ओलांडतो आहे आणि तुमच्या मुलीचे बोट तेथे थांबले आहे, असे समजा. ‘काकांच्या हातात काठी का आहे?’ असे तिने विचारले, तर ‘त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, काठी टेकवली की पुढे पायरी आहे की खड्डा आहे ते त्यांना कळते’ असे सांगावे, आणि तिचे समाधान झाले असेल तर पान उलटावे. आवाज खाली आणू नये, ‘बिच्चारे’ म्हणू नये आणि ‘पण ते आपल्यासारखेच असतात हं’ अशी पुस्तीही जोडू नये. चंद्र कलेकलेने का वाढतो हे ज्या सुरात सांगाल, त्याच सुरात हे सांगावे. त्वचेच्या रंगाबद्दल, डोक्यावरच्या रुमालाबद्दल किंवा एखाद्या घरात दोन भाषा का बोलतात याबद्दल तिने विचारले, तरी पद्धत हीच ठेवावी.

प्रश्न : महोदया, मी बालवाडीत शिकवते. मुले निरनिराळ्या परिस्थितीतील घरांतून येतात. कोणाच्या मनाला लागू नये म्हणून समतेच्या गोष्टी मी प्राण्यांच्याच निवडते. गोष्ट संपली की तात्पर्य विचारते आणि मुले एका सुरात ‘सगळे समान असतात’ असे उत्तर देतात. मात्र मधल्या सुट्टीत तीच मुले एकमेकांना ‘तू आमच्यात नाहीस’ म्हणून खेळातून बाहेर काढतात. माझे चुकते कोठे?

उत्तर : तुमची मुले हुशार आहेत. तात्पर्याच्या तासाला बाईंना कोणते उत्तर हवे असते, हे त्यांनी बरोबर ओळखले आहे. ते उत्तर आणि मैदानावरचा खेळ यांचा परस्परांशी काही संबंध असतो, हे मात्र त्यांना गोष्टीतून कळलेले नाही.

प्राण्यांच्या गोष्टींबद्दल एक निष्कर्ष तुम्हाला उपयोगी पडेल. कॅनडातील संशोधकांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याविषयीची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली. एका पुस्तकात पात्रे माणसे होती आणि दुसऱ्यात कपडे घातलेले, बोलणारे प्राणी. गोष्टीच्या आधी आणि नंतर मुलांना चिकटचित्रे देऊन, त्यांतील किती चित्रे ती अनोळखी मुलासाठी ठेवतात हे पाहिले. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर अधिक चित्रे दिली. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांचा हात मात्र सैल झाला नाही, उलट थोडा आखडलाच. एका प्रयोगावरून प्राण्यांच्या गोष्टी कपाटात बंद करण्याचे कारण नाही. कल्पनाशक्तीसाठी आणि निव्वळ मौजेसाठी त्या हव्यातच. पण एखादी गोष्ट मुलांच्या रोजच्या वागण्याला भिडावी अशी आपली इच्छा असेल, तर तीत मुलांसारखी मुले असलेली बरी.

शिवाय प्राणी आणले म्हणून भेद टळतात असेही नाही. अमेरिकेत १९०० ते २००० या काळात निघालेल्या ५,६१८ बालपुस्तकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुष किंवा मुलगा केंद्रस्थानी असलेली पुस्तके ५७ टक्के आणि स्त्री किंवा मुलगी केंद्रस्थानी असलेली ३१ टक्के निघाली, आणि प्राण्यांच्या पात्रांत ही दरी आणखी रुंद होती. यात वाचणाऱ्याचाही हातभार असतो. जूडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये चित्रपुस्तके वाचून दाखवणाऱ्या आयांचे बोलणे तपासले, तेव्हा नर की मादी हे चित्रावरून मुळीच कळत नसलेल्या प्राण्यांना त्यांनी ९५ टक्के वेळा पुल्लिंगी संबोधल्याचे दिसले. तुमचे स्वतःचे वाचन एकदा फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐका, करमणूक होईल.

प्राण्यांच्या गोष्टींतील एका ठरीव कथानकाविषयी मला अधिक काळजी वाटते. एका प्राण्याचे काहीतरी वेगळे असते: कान लांब, आवाज घोगरा, रंग विजोड. सगळे त्याला हसतात आणि खेळात घेत नाहीत. मग संकट येते, नेमके ते लांब कान किंवा तो घोगरा आवाज उपयोगी पडतो, सगळ्यांचा जीव वाचतो आणि त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. आपण टाळ्या वाजवतो, कारण शेवट गोड असतो. मात्र हिणवणाऱ्यांनी केले ते चूक होते, असे गोष्टीत कोणीच म्हणत नाही; हिणवलेल्यानेच आपली उपयुक्तता सिद्ध करायची असते. संकट आले नसते तर काय? ज्याच्या घोगऱ्या आवाजाने कोणाचाच जीव वाचत नाही, त्याने कायम बाहेरच बसायचे काय? समतेच्या नावाखाली ही अट शिकवणारी पुस्तके इतकी लोकप्रिय आहेत, की ती ओळखण्याची सवय शिक्षकांनी लावून घ्यायलाच हवी.

पुस्तक पारखण्यासाठी आधी मजकूर झाकून केवळ चित्रे पाहत जावे. कंदील, दोरी, नकाशा, किल्ली कोणाच्या हातात आहे? झाडावर कोण चढले आहे आणि खाली उभे राहून कोण पाहते आहे? चाकांच्या खुर्चीतील मुलगी चित्राच्या कडेला आहे की मध्ये? तिचे हात चाकांवर आहेत, की ते मांडीवर ठेवून कोणीतरी मागून ढकलण्याची ती वाट पाहते आहे? सावळी, गरीब किंवा दुसरी भाषा बोलणारी मुले केवळ मदत घेताना दिसतात, की कधी हट्ट करतात, खोटे बोलतात, भांडतात आणि पुस्तकाच्या शेवटी जिंकतातही? ज्या पात्राला खोडकरपणा करण्याची मुभा नाही, ते पात्र लेखकाने बरोबरीचे मानलेले नाही असे मी समजते.

आता तात्पर्याविषयी. खोटे बोलल्याची शिक्षा दाखवणाऱ्या ‘लांडगा आला रे आला’सारख्या गोष्टी ऐकून मुले अधिक खरे बोलतात का, हे २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर तपासले गेले. शिक्षेच्या गोष्टींचा परिणाम दिसला नाही. खरे बोलल्यावर कौतुक झालेल्या मुलाची गोष्ट ऐकलेल्यांत मात्र दिसला, आणि त्याच गोष्टीचा शेवट बदलून शिक्षेचा केल्यावर तोही नाहीसा झाला. तेव्हा खेळातून बाहेर काढणाऱ्या मुलांची फजिती दाखवणारी गोष्ट शोधू नका. आपला गट थोडा सरकून कोणाला तरी आत घेतो आणि त्यानंतर खेळच अधिक रंगतो, अशी शोधा. वाचताना मध्येच, ती मुलगी खेळाच्या रेषेबाहेर उभी आहे त्या पानावर थांबा आणि ‘आता ही काय करील? आणि तो चेंडू हातात घेतलेला मुलगा मनात काय म्हणत असेल?’ एवढेच विचारा. जी उत्तरे येतील ती ऐकून घ्या. ‘तिने निघून जावे’ असेही उत्तर येईल; ते लगेच दुरुस्त करू नका, पुढचे पान वाचा. एखादे दिवशी त्याच गोष्टीचे नाटुकले करा आणि एरवी ज्यांना सगळे आपल्यात घेतात, त्या मुलांना रेषेबाहेर उभे राहण्याचे काम द्या. तात्पर्य विचारणे काही महिने बंद ठेवले तरी चालेल.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीला कमी ऐकू येते आणि ती श्रवणयंत्र वापरते. तिच्या वर्गात बाईंनी चांगल्या हेतूने बहिऱ्या मुलाची गोष्ट वाचली. वाचन सुरू होताच सगळा वर्ग वळून माझ्या मुलीकडे पाहू लागला. गोष्टीतील मुलगा शेवटपर्यंत एकटा आणि दुःखी होता. घरी येऊन मुलगी म्हणाली, ‘बाबा, मी उद्या यंत्र लावणार नाही.’ अशी पुस्तके वर्गात वाचूच नयेत असे मी शाळेला सांगावे का?

उत्तर : वाचूच नयेत असे सांगू नका, एकच वाचू नये असे मात्र अवश्य सांगा. वर्षभरात एकदा, एका मुलीच्या वाट्याचे एकच पुस्तक उघडले, की सगळ्यांच्या माना वळणारच. श्रवणयंत्र लावणारी मुलगी एका पुस्तकात हरवलेले मांजर शोधत असेल, दुसऱ्यात भावाशी खिडकीच्या जागेवरून भांडत असेल आणि तिसऱ्यात नुसतीच मागच्या बाकावर बसलेली असेल, तर वर्गाला वळून पाहण्याचे कारण राहत नाही.

रूडीन सिम्स बिशप या अमेरिकी अभ्यासिकेने १९९० मध्ये मांडले, की मुलांसाठी पुस्तके आरसाही असतात आणि खिडकीही: कोणाला त्यांत आपले रूप दिसते, तर कोणाला दुसऱ्याचे जग. हे विधान पुष्कळदा उद्धृत होते, पण तुमच्या पत्राने त्यातील अडचण नेमकी दाखवली. बाईंनी वर्गासाठी खिडकी उघडली आणि तेच पुस्तक तुमच्या मुलीसाठी आरसा होते, हे त्या विसरल्या. आरशात तिला एकटे आणि दुःखी मूल दिसले.

वर्गात वाचण्याचा उपयोग होतो, याला आधार आहे. इंग्लंडमध्ये लिंडसी कॅमरन आणि ॲडम रटलंड यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, अपंग आणि अपंग नसलेल्या मुलांच्या मैत्रीच्या गोष्टी वाचून दाखवून त्यांवर गप्पा केल्या. अपंग मुलांकडे पाहण्याची ऐकणाऱ्यांची दृष्टी सुधारली. अपंगत्वाचा उल्लेख टाळून केवळ आवडीनिवडींवर भर देणाऱ्या गोष्टींपेक्षा, अपंगत्व स्पष्टपणे सांगून मैत्री रंगवणाऱ्या गोष्टींचा परिणाम अधिक झाला. येथे मैत्री हा शब्द महत्त्वाचा आहे. त्या गोष्टींत दोघांनी मिळून काहीतरी केलेले होते. एकाने दुसऱ्याची कीव केलेली नव्हती.

बाईंशी बोलताना तीन गोष्टी मोकळेपणाने मांडा. असे पुस्तक वर्गात येणार असेल, तर आधी ते तुमच्या मुलीला एकटीला वाचायला मिळावे आणि वर्गात वाचावे की नाही हे तिला विचारावे. ती नको म्हणाली तर ते मान्य व्हावे. वाचताना तिला साक्षीदार म्हणून उभे करू नये, ‘हो ना गं, तुला असेच वाटते ना?’ हा प्रश्न तर मुळीच नको. आणि पुस्तकातील तपशील खरे असावेत. यंत्र लावले की सगळे स्वच्छ ऐकू येते असे बरीच पुस्तके भासवतात. प्रत्यक्षात गोंगाटात आणि चारजण एकदम बोलू लागले की ऐकणे कसे अवघड जाते, बोलणाऱ्याचा चेहरा समोर आणि उजेडात असला की कसे सोपे होते, हे तुमची मुलगी उत्तम सांगू शकेल. ज्याने ते आयुष्य जगले आहे अशा व्यक्तीने लिहिलेले किंवा निदान तपासलेले पुस्तक मिळाले, तर हे तपशील सहसा बरोबर असतात.

मुलीच्या वाक्याचे उत्तर तुम्ही तिला काय दिलेत ते पत्रात नाही. माझे मत विचाराल, तर गोष्ट तिच्याशी बोलून बदलावी. तो मुलगा लेखकाला नीट लिहिता आला नाही, आपण लिहू, असे म्हणून कागद पुढे ठेवावा. सात वर्षांच्या मुलांना छापील पुस्तक चुकीचे असू शकते हे कळले, की त्यांना फार आनंद होतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे आणि नातवंडांना परंपरेने चालत आलेल्या राजाराणीच्या, राक्षसांच्या, सावत्र आईच्या गोष्टी सांगतो. सुनेचे म्हणणे असे, की या गोष्टींत गोरी तेवढी सुंदर, कुरूप तो दुष्ट आणि राजकन्येने केवळ सुटकेची वाट पाहायची, हे मुलांच्या मनावर बिंबते. मग या गोष्टी सांगणे सोडून द्यावे काय? माझ्या पिढीला त्यांनी काही बिघडवले नाही असे मला वाटते.

उत्तर : आजोबा, सोडून देऊ नका. आपली सून सांगते तेही खोटे नाही. आपल्या पिढीला या गोष्टींनी बिघडवले नाही हे आपण ठरवू शकत नाही आणि मीही ठरवू शकत नाही, कारण ‘रंग उजळ आहे’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कौतुकाच्या सुरात ऐकले आहे आणि ते कोठून आले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

या गोष्टी जशाच्या तशा पिढ्यान् पिढ्या आल्या, हा मात्र भ्रम आहे. जर्मनीतील ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापलेल्या हिमगौरीच्या कथेत, तिच्या जिवावर उठणारी राणी ही तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. मुलांना जंगलात सोडून देणाऱ्या आईच्या त्यांच्या दुसऱ्या प्रसिद्ध कथेतही पुढील आवृत्त्यांत हाच बदल झाला. सख्ख्या आईचे नाव राखण्यासाठी संपादकांनी सावत्र आईला बळी दिले आणि आज सावत्र आईच्या प्रेमात वाढणारी मुले त्याची किंमत मोजतात. छळ सोसणारी सावत्र मुलगी राजवाड्यातील नृत्याला जाते, ती सिंड्रेलाची कथा घ्या. मॅरियन रोल्फ कॉक्स यांनी १८९३ मध्ये तिची ३४५ रूपे नोंदवून प्रसिद्ध केली. गोष्ट सांगणाऱ्याने आपल्या काळाप्रमाणे ती वळवायची, ही परंपराच आहे, आणि तोंडी सांगणाऱ्याला ते मुद्रकापेक्षा सोपे जाते.

म्हणून राक्षस राहू द्या, जंगल आणि भीतीही राहू द्या. नातवंडे भीतीसाठीच आपल्याजवळ सरकून बसतात. राक्षस वाईट का, तर तो माणसे पकडून नेतो म्हणून. तो काळा किंवा कुबडा आहे म्हणून नव्हे. ‘काळाकुट्ट’, ‘कुरूप’, ‘लंगडा’ ही विशेषणे गाळून पाहा, गोष्टीचे काही अडत नाही. राजकन्येच्या सौंदर्याच्या वर्णनाला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात ती बुरुजावरून उतरण्यासाठी काय काय युक्त्या करून पाहते ते सांगता येईल.

छापील पुस्तकातून वाचत असाल तर मात्र शब्द गुपचूप बदलू नका. वाचायला शिकलेले नातवंड आपल्याला पकडील. तेथे जसे आहे तसे वाचावे आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाचनाला, गोष्ट पुरती ओळखीची झाल्यावर, ‘लग्न करायचे का, हे राजकन्येला कोणी विचारले का रे?’ असे सहज विचारावे. पहिल्याच वाचनात प्रश्नांनी अडवले, तर गोष्टीचा रसभंग होतो आणि आजोबाही शाळेत जाऊन बसतात. सून आणि आपण मिळून एखादी गोष्ट उलटी सांगून पाहा. राजकन्या राजपुत्राला सोडवायला निघाली, की मुले आधी हसतात, मग हरकती घेतात, आणि त्या हरकतींत त्यांच्या मनात काय ठसले आहे ते आपोआप बाहेर येते.

प्रश्न : ताई, माझा पाच वर्षांचा मुलगा मुखपृष्ठावर मुलगी दिसली की पुस्तक बाजूला सारतो. ‘हे मुलींचं आहे’ असे म्हणतो. घरात आम्ही असे कधीच बोललो नाही. जबरदस्ती करावी का?

उत्तर : जबरदस्ती नको, आणि फार मनावरही घेऊ नका. पाच ते सहा या वयात मुले ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ या वर्गवारीचे नियम मोठ्यांपेक्षाही कडक पाळतात. बहुतेकांत पुढे ही ताठरता सैल होते. मात्र याच सुमारास आणखी काहीतरी घडते, त्याकडे लक्ष असावे. २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाच वर्षांच्या मुली आणि मुलगे ‘अतिशय बुद्धिमान’ व्यक्ती म्हणून साधारण सारख्याच प्रमाणात आपापल्या लिंगाची व्यक्ती निवडत होते. सहा-सात वर्षांच्या मुलींत हे प्रमाण घटले आणि ‘फार हुशार मुलांसाठीचा’ म्हणून सांगितलेल्या खेळात त्यांना रसही कमी वाटू लागला. मुलाने मुलींची पुस्तके वाचावीत, हा केवळ त्याच्या संस्कारांचा प्रश्न नाही. त्याच्या वर्गातील मुलींकडे तो उद्या कोणत्या नजरेने पाहील, हेही त्याच्याशी निगडित आहे.

पुस्तक विषयावरून निवडावे. त्याला उत्खनन यंत्रे, डायनासोर, अंतराळ यांचे वेड असेल, तर मुलगी ते यंत्र चालवते आहे असे पुस्तक आणावे आणि ‘बघ, यात मुलगीसुद्धा आहे’ असे न म्हणता, ‘याच्या तिसऱ्या पानावर केवढा मोठा खड्डा खणला आहे’ असे म्हणावे. मुलगा आणि मुलगी बरोबरीने भानगडी करतात अशी पुस्तके मधला पूल म्हणून चांगली असतात. मुखपृष्ठ न दाखवता अंधारात तोंडी सांगितलेल्या गोष्टीला तर त्याचा आक्षेप बहुधा येणारच नाही. आणि घरात गोष्टी फक्त आईच वाचून दाखवत असेल, तर त्यातून त्याने कोणता निष्कर्ष काढला असेल याचाही विचार व्हावा. मुलीच्या साहसाची गोष्ट बाबांनी रंगून वाचलेली त्याने ऐकायला हवी.

प्रश्न : आमच्या छोट्या बालग्रंथालयात समता, विविधता, अपंगत्व या विषयांवरील पुस्तकांसाठी वेगळे कपाट करण्याचा विचार आहे. त्यामुळे ती पालकांना चटकन सापडतील. हे योग्य होईल का?

उत्तर : पालकांना सापडतील, मुलांना सापडणार नाहीत. मुले हत्तीचे, भुताचे, विमानाचे पुस्तक मागतात. विविधतेचे पुस्तक मागणारे मूल मी पाहिलेले नाही. चाकांच्या खुर्चीतील मुलगी भूत शोधत असेल, तर ते पुस्तक भुतांच्या कप्प्यातच ठेवा. पालक आणि शिक्षक यांच्यासाठी टेबलावर एक यादी ठेवली, की त्यांचे काम भागते आणि ती वेळोवेळी सुधारताही येते.

यादी करताना लेखक आणि चित्रकारांची नावेही तपासा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने १९८५ मध्ये त्या वर्षीची सुमारे २,५०० पुस्तके मोजली, तेव्हा त्यांत कृष्णवर्णीय लेखक वा चित्रकारांची पुस्तके केवळ १८ निघाली. तेव्हापासून हे केंद्र ही मोजणी करत आले आहे आणि प्रकाशकांना त्या आकड्यांना उत्तर द्यावे लागते. आपल्या कपाटातील शंभर पुस्तकांची अशी मोजणी दोन स्वयंसेवकांना एका दुपारी करता येईल. ती पुढच्या खरेदीच्या आधी करावी, म्हणजे पैसे कोठे घालायचे ते कळेल.